हा भाग काय काम करणार?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी चिपळूणला आपाकडे गेले, तेव्हा घरात सरळसरळ दोन पक्ष पडले होते. एका बाजूला माझा सतरा वर्षांचा भाचा, दुसऱ्या बाजूला कतारहून रोज रात्री फोनवर हजेरी लावणारे दुल्हेभाई. मधे आपा. वाद कॉम्प्युटरचा होता. भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, विषय कॉम्प्युटर. त्याला अभ्यासासाठी मशीन हवे होतेच. पण त्यावर गेम खेळायचे होते आणि ते खेळणे यूट्यूबवर थेट दाखवायचेही होते. दुल्हेभाईंनी सत्तर हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. ते पैसे कसे खर्च व्हावेत, यावर मात्र एकमत होईना.

भाच्याने एका दुकानातून कोटेशन आणले होते. चहूबाजूंनी काच, सात पंखे, इंद्रधनुष्यासारखे बदलणारे दिवे. किंमत एक लाख दहा हजार. वरचे चाळीस हजार हप्त्याने. दुल्हेभाईंचे म्हणणे एकच, "व्याजाचा रुपया माझ्या घरात येणार नाही." त्यांनी स्वतः फोनवर एक जाहिरात शोधून पाठवली होती : ‘आय७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’, किंमत सत्तावीस हजार. "आय७ एवढ्या स्वस्तात मिळतोय, तर लाखाचं खूळ कशाला?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात आयटी शिकवते, म्हणून दोन्ही कागद माझ्यापुढे आले. वाचून पाहिले, तर दोघेही फसत होते. बाप नावाला, मुलगा झगमगाटाला.

नाव मोठे, वय त्याहून मोठे

आधी दुल्हेभाईंचा ‘आय७’. जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक होता : ३७७०. हा इंटेलचा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, २०१२ सालचा. त्याच्याबरोबरचे ग्राफिक्स कार्ड जीटी ७३०, म्हणजे २०१४ मधले, आणि तेव्हाही ते हलक्यांतच मोजले जाई. कार्यालयांतून निवृत्त झालेल्या मशीनमधले असे जुने प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये बसवून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात. खोटे काही लिहिलेले नसते. आय७ खरोखरच आय७ असतो. फक्त त्याचे वय सांगितलेले नसते.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे : आय३, आय५, आय७ हा दर्जा त्या त्या पिढीपुरता असतो. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, १२४०० म्हणजे बारावी. २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० हा त्या २०१२ च्या आय७ पेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. म्हणजे सत्तावीस हजार देऊन घरात येणार होते ते पहिल्याच दिवशी मुदत संपलेले मशीन.

भाच्याच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि कार्ड चांगले होते. पण एसएमपीएसच्या पुढे फक्त ‘६५० वॅट’ लिहिलेले. कंपनीचे नाव नाही. रॅमची एकच पट्टी. एसएसडी ‘५१२ जीबी’. तिचीही कंपनी नाही. दिव्यांचे पंखे आणि काचेचे कॅबिनेट मात्र नाव, मॉडेल आणि रंगासह. जे डोळ्यांना दिसते त्याची नोंद पूर्ण होती, जे दिसत नाही त्याची अर्धवट.

आपा हे सगळे ऐकत भाजी निवडत बसली होती. तिने एक साधा प्रश्न विचारला, "यातला कुठला भाग काय काम करतो, ते मला एकेक करून सांग. ज्याचं काम सांगता येणार नाही, त्याचे पैसे द्यायचे नाहीत."

त्या रात्री आम्ही तिघांनी कागद घेऊन यादी नव्याने केली. ती करताना जे बोलणे झाले, तेच इथे मांडते. ज्या घरात असा हट्ट चालू असेल, तिथे उपयोगी पडेल.

आधी काम ठरवा

सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर असेंबल करण्याचा खरा फायदा हाच की पैसा कामाप्रमाणे वाटता येतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणते कार्ड’ हा नाही. ‘कोणते काम’ हा आहे. भाच्याची कामे तीन : प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, फुल एचडी पडद्यावर गेम, आणि तोच खेळ यूट्यूबवर थेट प्रक्षेपित करणे. चार-के पडदा नको होता, चित्रपटाचे संकलन करायचे नव्हते. एवढे ठरताच यादीतला अर्धा मोह गळून पडला.

पडदा आणि विंडोज वगळून मशीनवर शंभर रुपये खर्च करायचे धरले, तर साधारण वाटणी अशी बसते : ग्राफिक्स कार्डाला ३५, प्रोसेसरला १८, रॅमला १३, मदरबोर्डला १२, एसएसडीला ८, एसएमपीएसला ८ आणि कॅबिनेटला ६. हा ढोबळ हिशेब आहे, भाव सतत हलतात. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा पुरवठा वळला आणि रॅमचे भाव भडकले. म्हणून खरेदीच्या आठवड्यातच भाव विचारावेत. पण कॅबिनेट आणि दिवे यांवर शंभरातले पंधरा-वीस जात असतील, तर ते दुसऱ्या कुठल्या तरी भागाच्या पोटातून काढलेले असतात, हे नक्की समजावे.

थेट प्रक्षेपणाचे ओझे कोण उचलतो?

भाच्याचा समज होता की गेम आणि प्रक्षेपण दोन्ही एकाच वेळी करायचे तर सर्वांत महाग प्रोसेसर लागतो. एके काळी हे खरे होते. पडद्यावरचे चित्र इंटरनेटवरून पाठवायचे तर ते दर सेकंदाला दाबून लहान करावे लागते. हे काम प्रोसेसर करत असे आणि खेळ अडखळू लागे. म्हणून काही जण खेळायला एक आणि प्रक्षेपणाला दुसरा असे दोन कॉम्प्युटर ठेवत.

आता ग्राफिक्स कार्डातच या कामासाठी वेगळा भाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डातल्या या भागाला एनव्हेंक म्हणतात. एएमडी आणि इंटेलच्या कार्डांतही तो आहे. कार्डाचा बाकीचा भाग खेळाचे चित्र काढतो, हा भाग ते पाठवण्याजोगे करतो. खेळाच्या वेगावर फारसा परिणाम होत नाही. प्रक्षेपणासाठी लागणारे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याच्या सेटिंगमध्ये हा एन्कोडर निवडला की झाले. तेव्हा प्रक्षेपणासाठी म्हणून आठ-बारा कोअरचा प्रोसेसर घेण्याची गरज नाही. सहा कोअरचा पुरतो.

कार्ड निवडताना त्याची स्वतःची मेमरी पाहावी. फुल एचडीसाठी ८ जीबी चालते, पण नव्या गेममध्ये सगळ्या सेटिंग वर नेल्या की ती कमी पडू लागते. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे, एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीमध्ये ८ आणि १६ असे दोन प्रकार आहेत, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० मध्ये ८. नाव एकच आणि मेमरी वेगळी, असेही असते. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्यावे.

जुन्या कार्डांबद्दल एक सावधगिरी. २०२१ च्या सुमारास इथेरियम हे आभासी चलन ‘काढण्यासाठी’ हजारो कार्डे दिवसरात्र चालवली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि ती कार्डे बाजारात आली. त्यातली काही आजही हातोहात फिरतात. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय आणि मूळ बिल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम : ही तिघांची सोयरीक

हे तीन भाग एकमेकांना साजेसे असावे लागतात. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. एएमडीचे सध्याचे सॉकेट एएम५, २०२२ मध्ये आलेले. त्यावर फक्त डीडीआर५ रॅम चालते. त्याआधीचे एएम४, त्यावर डीडीआर४. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही, कारण दोहोंची खोबण वेगळ्या जागी असते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागते. त्याचे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे.

रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते आणि गेममध्ये तो फरक जाणवतो. चार खाचांच्या बोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत आकृती असते. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. रॅमच्या डब्यावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची सेटिंग चालू करावी लागते.

न दिसणारा भाग

आपाने सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते एसएमपीएसबद्दल. कोकणात पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते तिला सांगायला नको. घरातली वीज प्रत्येक भागाला मानवेल अशी करून देणारा हा डबा. तो हलका निघाला, तर जाताना बोर्ड आणि कार्ड यांनाही घेऊन जाऊ शकतो. डब्यावरचा वॅटचा आकडा छापणे सोपे आहे. तेवढी शक्ती तासन्‌तास देणे अवघड. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा आणि निदान तीन-पाच वर्षांच्या हमीचा घ्यावा. ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे शिक्के विजेची बचत सांगतात, टिकाऊपणाची पूर्ण खात्री देत नाहीत. पण निनावी डबे त्यातून गाळले जातात.

किती वॅट, याचा हिशेब घरीच करता येतो. ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर, दीडशे ते दोनशे वॅटचे कार्ड, बाकी सगळे मिळून पन्नास-साठ. तीनशेच्या आसपास गेले. थोडी मोकळीक ठेवून ५५० ते ६५० वॅट पुरे. हजार वॅटचा डबा घेऊन काही जादा मिळत नाही. विजेच्या बिलाची धास्ती असेल तर : तीनशे वॅटने रोज चार तास खेळले, तर दिवसाला सव्वा युनिटच्या आत.

तीन पिनांच्या प्लगला खरोखर अर्थिंग आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. यूपीएस घ्यायचा तर चांगल्या एसएमपीएसला साइन वेव्ह प्रकारचा अधिक मानवतो. आणि मशीन जमिनीवर ठेवू नये. जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना हे वेगळे सांगावे लागत नाही, पण धूळ आणि ओल यांसाठीही टेबलच बरे.

कॅबिनेट घेताना समोरची बाजू जाळीची घ्यावी. समोर सलग काच असली की पंखे कितीही असोत, हवा आत येणार कुठून? समोर दोन पंखे आणि मागे एक, एवढे भागते. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, १ टीबी. आजचा एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, त्यामुळे ५१२ जीबी लवकर भरते.

कर्जाशिवायची वाट

भाग निवडून झाले. बेरीज सत्तर हजारांच्या पुढे गेली. भाच्याचा चेहरा उतरला. इथे दोन वाटा होत्या. पहिली : जुन्या एएम४ सॉकेटवरचा रायझन ५ ५६०० आणि बेताचे कार्ड, सगळे आजच. गेम उद्यापासून सुरू. पण पुढे वाढवायला जागा नाही. दुसरी : एएम५ वरचा रायझन ५ ७६००. यात चित्र दाखवण्यापुरते ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असते. म्हणजे कार्ड नसतानाही मशीन चालू होते. अभ्यास, प्रोग्रॅमिंग, व्हिडिओ सगळे होते. मोठे गेम मात्र कार्ड येईपर्यंत नाहीत. एएमडीने या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे पुढे फक्त प्रोसेसर बदलून भागेल.

ही सोय प्रत्येक प्रोसेसरमध्ये नसते. इंटेलच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या ७५००एफ चेही तसेच.

निर्णय भाच्यावर सोडला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "खाला, दुसरी." कार्डासाठी तो दर महिन्याला बाजूला टाकणार होता : ईदी, शेजारच्या दोन मुलांच्या शिकवणीचे पैसे, आणि अब्बांनी कबूल केलेले थोडे. हप्ता दुकानदाराला भरण्याऐवजी स्वतःकडेच भरायचा, एवढाच फरक. मधल्या काळात कार्डांचे भाव उतरले तर फायदा त्याचा, व्याज कुणाचेच नाही.

बाजारात

खरेदीला तो मुंबईला माझ्याकडे आला. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांचा जुना बाजार. तिथे चार दुकानांत भाव विचारला आणि प्रत्येक ठिकाणी दोनच गोष्टींचा आग्रह धरला : जीएसटीचे पक्के बिल आणि बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. बिलाशिवाय थोडे स्वस्त देणारेही भेटतात. पण बोर्ड आणि कार्डाला बहुधा तीन वर्षांची, बऱ्याच एसएसडींना पाच वर्षांची हमी असते. ती कंपनीकडे मागायची तर बिलच लागते. परदेशातून नातेवाइकाने आणलेला भाग घेतानाही विचारून घ्यावे, कारण काही कंपन्यांची हमी त्या देशापुरतीच असते.

जोडणी दुकानातच, आमच्यासमोर करून घेतली. पैसे देण्याआधी मशीन चालू करून बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा आणि एसएसडी वाचून पाहिली. खोकी जपून आणली. हमीच्या वेळी उपयोगी पडतात.

दोन चुका इतक्या सर्रास होतात की सांगूनच ठेवते. कार्ड आल्यावर पडद्याची वायर बोर्डात न लावता कार्डात लावायची. नाहीतर पस्तीस टक्के पैसा आत नुसता बसून राहतो. आणि १४४ हर्ट्‌झचा पडदा घेतला तरी विंडोज त्याला बऱ्याचदा ६० वरच चालवते. ते सेटिंगमध्ये जाऊन बदलावे लागते.

मशीनच्या बाहेरचे

प्रक्षेपण कॉम्प्युटरवर जितके, तितकेच इंटरनेटवर अवलंबून असते. इथे डाउनलोडचा वेग कामाचा नाही, अपलोडचा लागतो. फुल एचडी चित्र सेकंदाला साधारण ६ मेगाबिटने पाठवले, तर तासाला सुमारे २.७ जीबी जाते. वायफायपेक्षा राउटरपासून लॅनची वायर ओढणे कधीही भरवशाचे. आणि पाहणारे थोडे धूसर चित्र चालवून घेतात, पण घरघरणारा आवाज नाही. म्हणून कॅमेऱ्याआधी माइक.

पालकांसाठी दोन नियम. यूट्यूबने २२ जुलै २०२५ पासून एकट्याने थेट प्रक्षेपण करण्याची किमान वयोमर्यादा १६ केली आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली, ई-स्पोर्ट्‌सला मात्र मान्यता दिली. मुलगा काय खेळतो, हे त्याच्या शेजारी बसून पाहिले की हा फरक कळतो. कमाईची स्वप्ने कुणी दाखवत असेल तर आकडा लक्षात असावा : जाहिरातींचा वाटा मिळायला यूट्यूबवर एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे अशी अट आहे. बहुतेक मुले तिथवर पोचत नाहीत. म्हणून मशीन असे घ्यावे, की चॅनेल चालले नाही तरी ते वाया जाणार नाही.

भाच्याच्या मशीनमध्ये कार्डाची जागा अजून रिकामी आहे. त्याने कॅबिनेटच्या बाजूला कागद चिकटवला आहे. त्यावर दर महिन्याची जमा रक्कम लिहिलेली असते. सध्या तो त्या मशीनवर कॉलेजचा प्रोजेक्ट करतो आहे आणि दुल्हेभाईंशी व्हिडिओवर बोलताना आता आपाचा आवाज तुटत नाही.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "खाला, एक गेमिंग खुर्ची बघून ठेवलीय. लाल-काळी. तुम्ही अम्मीला सांगा ना."

मागून आपाचा आवाज आला, "ती काय काम करणार, ते आधी विचार."